दट्ट्या की फिरकी?

लग्नसराईत रस्त्यावरून वरात निघाली की तुम्ही ओट्यावर किंवा गॅलरीत येऊन उभे राहता. नवरदेव, घोडा, दिव्यांची रांग हे सारे पाहून होते. पुढच्या वेळी एक वेगळी गोष्ट पाहा. बँडमधल्या ट्रंपेटवाल्याच्या उजव्या हाताकडे नजर ठेवा. त्याची तीनच बोटे हलताना दिसतील. पेटीवाल्याला एका सप्तकासाठी बारा पट्ट्या लागतात. ट्रंपेटवाला मात्र तीन बोटांवर दोन-अडीच सप्तके सहज फिरून येतो. हे त्याला कसे जमते?

याचे उत्तर त्या बोटांखालच्या झडपांमध्ये आहे. बँडवाले त्यांना पिस्टन किंवा व्हॉल्व्ह म्हणतात. या झडपा दोन प्रकारच्या असतात, आणि त्यांतली कोणती चांगली हा वाद गेली पावणेदोनशे वर्षे चालू आहे. या वादात मला माझे मत मांडायचे आहे. पण आधी मूळ प्रश्न समजून घेऊ.

तुतारी किंवा लष्करातला बिगुल घ्या. त्याला झडप नाही, भोक नाही. नुसती नळी आहे. वाजवणारा ओठ कंप पाववतो आणि नळीतला हवेचा स्तंभ आपल्याला मानवतील तेवढीच कंपने उचलून धरतो. याला आपण अनुस्पंदन म्हणतो. या मान्य स्वरांच्या कंपनसंख्या २, ३, ४, ५, ६ अशा सरळ प्रमाणात असतात. म्हणून बिगुलावरचे सगळे इशारे जेमतेम पाच स्वरांत बसवलेले असतात. खालच्या बाजूला या स्वरांमध्ये मोठमोठ्या फटी आहेत. २ आणि ३ यांच्यामध्ये म्हणजे सा आणि पंचम यांच्यामध्ये सहा स्वर गायब आहेत. या फटी बुजवायच्या कशा हाच पितळी वाद्ये करणाऱ्यांपुढचा प्रश्न होता.

युरोपात यावर अनेक उपाय झाले. वादक वेगवेगळ्या लांबीच्या जादा नळ्या जवळ बाळगत आणि राग नव्हे, पण पट्टी बदलली की एक काढून दुसरी बसवत. हॉर्न वाजवणारे कर्ण्यात हात घालून स्वर खालीवर करीत. व्हिएन्नाच्या आंटोन वाइडिंगर याने ट्रंपेटला भोके आणि त्यांवर चाव्या बसवल्या. त्याच्यासाठी हायडनने १७९६ मध्ये ट्रंपेटची रचना लिहिली. पण खरी वाट सापडली ती प्रशियात. हाइन्रिख श्टोल्झेल आणि फ्रीड्रिख ब्ल्यूमेल या दोघांनी १८१८ मध्ये झडपेचे एकस्व घेतले. कल्पना अशी की जादा नळी वाद्यालाच कायमची जोडून ठेवायची आणि बोट दाबताच हवेचा रस्ता त्या नळीतून वळवायचा. रेल्वेचा सांधेवाला गाडीला बाजूच्या रुळावर घालतो ना, तसेच हे काम.

आता थोडे गणित करू. ट्रंपेटची नळी सुमारे दीड मीटर, म्हणजे १५० सेंटिमीटर धरा. पेटीवर लगतची खालची पट्टी दाबली की कंपनसंख्या १.०५९५ पटीने कमी होते. म्हणजे नळी तितक्याच पटीने लांब हवी. मधल्या बोटाची झडप स्वर एक पट्टी उतरवते. तिच्या नळीची लांबी ८.९ सेंटिमीटर हवी. पहिल्या बोटाची झडप दोन पट्ट्या उतरवते, तिला १८.४ सेंटिमीटर हवेत. तिसरी तीन पट्ट्या उतरवते, तिला २८.४ सेंटिमीटर लागतात. या तिन्ही एकत्र करून एक ते सहा पट्ट्या खाली जाता येते, आणि २ ते ३ मधली फट पुरी बुजते. तीन बोटांचे रहस्य एवढेच आहे.

पण इथे एक अडचण आहे आणि ती फार गमतीची आहे. पहिली व तिसरी झडप एकदम दाबली तर स्वर पाच पट्ट्या उतरायला हवा. त्यासाठी ५०.२ सेंटिमीटर जादा नळी हवी. पण १८.४ आणि २८.४ मिळून ४६.८ सेंटिमीटरच होतात. जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर नळी कमी पडली! तिन्ही झडपा एकदम दाबल्या तर ६२.१ सेंटिमीटर हवेत आणि मिळतात ५५.७. स्वर अर्ध्या पट्टीहूनही अधिक चढा लागतो. असे का व्हावे? कारण स्वरांची उतरण गुणाकाराने होते आणि नळ्यांची लांबी मात्र बेरजेने वाढते. नळी आधीच लांब झालेली असेल तर पुढची पट्टी उतरायला आणखी लांब तुकडा हवा, आणि झडपेची नळी तर ठरावीक लांबीची. म्हणून कारागीर तिसरी नळी थोडी लांब ठेवतात, आणि चांगल्या ट्रंपेटच्या तिसऱ्या नळीला कडी लावून ती वाजवता वाजवता बाहेर सरकवण्याची सोय करतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये ब्लेकली याने युफोनियमसारख्या मोठ्या वाद्यांसाठी ही तूट आपोआप भरून काढणारी नळ्यांची रचना केली.

ही अडचण मी मुद्दाम आधी सांगितली. कारण ती झडपेच्या कोणत्याही प्रकाराने सुटत नाही. नळीची लांबी मोजताना निसर्ग झडप कोणत्या घडणीची आहे ते विचारत नाही.

आता ते दोन प्रकार पाहू. पहिला दट्ट्याचा. पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिने याने १८३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याला आजचे रूप दिले. एका उभ्या नळकांड्यात एक पोकळ दट्ट्या वरखाली सरकतो. दट्ट्याला आरपार तिरपी भोके असतात. तो वर असताना हवा सरळ जाते. तो दाबला की दुसरी भोके समोर येतात आणि हवा जादा नळीत शिरते. बोट उचलले की स्प्रिंग त्याला परत वर ढकलते. दट्ट्या आणि त्याचे घर यांमधली जागा केसाच्या जाडीहूनही कमी असते. जास्त असेल तर हवा गळते. त्याहून कमी असेल तर दट्ट्या अडकतो.

दुसरा प्रकार फिरकीचा. योझेफ रीडल याने १८३५ मध्ये व्हिएन्नात तो पक्का केला. इथे दट्ट्याऐवजी एक जाड लाटणे आहे असे समजा. त्याच्या अंगात दोन खाचा कोरलेल्या असतात. आपण पट्टी दाबली की दांडीच्या किंवा दोरीच्या जोडणीतून ते लाटणे आपल्या अक्षाभोवती पाव फेरा फिरते आणि हवेचा रस्ता बदलतो. पाव फेरा पुरा होताच ते बुचाच्या किंवा रबराच्या तुकड्यावर टेकून थांबते. नळाची तोटी आठवा. तिची चावी पाव फेरा फिरवली की पाण्याची वाट बदलते किंवा बंद होते. तत्त्व तेच.

यांतले चांगले कोणते? यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न नीट विचारता येतो. दट्ट्याला आपल्या भोकाच्या व्यासाहून थोडे अधिक अंतर खाली जावे लागते, नाही तर जुनी वाट बंद होऊन नवी उघडणार नाही. ट्रंपेटचे भोक सुमारे पावणेबारा मिलिमीटर. दट्ट्या सोळा-सतरा मिलिमीटर खाली जातो. बोटाला हे सहज जमते. पण ट्यूबासारख्या अवजड वाद्याचे भोक याच्या दीडपटीहून अधिक असते. तिथे दट्ट्या मोठा होतो, जड होतो आणि बोटाला लांब पल्ला मारावा लागतो. फिरकीचे तसे नाही. ती कितीही मोठी केली तरी फिरते पाव फेराच, आणि दांडीची लांबी बदलून बोटाचा पल्ला छोटा ठेवता येतो. तरफेचा नियम तुम्ही शिकला आहात. तो इथे कामाला येतो. म्हणून मोठ्या वाद्यांत फिरकीची बाजू बळकट आहे. फ्रेंच हॉर्न तर जगभर बहुतेक फिरकीचेच असते.

दट्ट्याची बाजू दुसरीकडे बळकट आहे. त्याचे झाकण हाताने फिरवून उघडता येते. दट्ट्या बाहेर काढा, पुसा, पातळ तेलाचे चार थेंब लावा, परत ठेवा. पाच मिनिटांत काम होते आणि हत्यार एकही लागत नाही. प्रत्येक दट्ट्यावर १, २, ३ असे आकडे असतात. ते चुकले तर हवा मध्येच अडते, एवढे लक्षात ठेवले की झाले. फिरकी बाहेर काढायची तर मागची चकती सोडवून तिला हलक्या हातोडीने नेमकी टिचकी मारावी लागते. चुकीचा घाव बसला तर फिरकीचा आधार सैल होतो आणि मग जन्मभर खटखट. तिच्या दांड्यांचे सांधेही झिजतात. दट्ट्याच्या नळकांड्याला बाहेरून पोचा आला तर दट्ट्या अडकतो हा त्याचा दोष. पण तो दोष निदान डोळ्यांना दिसतो.

इथपर्यंत वादाला काही अर्थ आहे. पण वाद घालणारे इथे थांबत नाहीत. ते म्हणतात, फिरकीचा आवाज गोल आणि मऊ, दट्ट्याचा आवाज चकचकीत आणि टोकदार. व्हिएन्ना आणि बर्लिनच्या मोठ्या वाद्यवृंदांतले ट्रंपेटवादक फिरकीची वाद्ये वाजवतात. फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिकेत दट्ट्याची वाद्ये रूढ आहेत. दोन्हींचे ध्वनिमुद्रण ऐकले तर फरक खरोखरच कानाला जाणवतो. मग झडपेमुळेच हा फरक पडतो, नाही का?

मित्रहो, इथे सावध व्हा. प्रयोगशाळेत आपण काय शिकतो? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सर्व तशीच ठेवायची. फिरकीचा ट्रंपेट आणि दट्ट्याचा ट्रंपेट यांत फक्त झडपच वेगळी असते का? नाही. त्यांच्या कर्ण्याचा विस्तार वेगळा, ओठापासून झडपेपर्यंतच्या नळीची लांबी वेगळी, माउथपीस बहुधा वेगळे, आणि वाजवणाऱ्याला त्याच्या गुरूने दिलेली सवय तर अगदीच वेगळी. इतक्या गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय मात्र झडपेला! ज्याने नवा चष्मा, नवा दिवा आणि नवे पुस्तक एकाच दिवशी आणले, त्याने वाचन सुधारल्याचे श्रेय चष्म्याला देण्यासारखेच हे आहे.

झडपेचा काहीच परिणाम नाही असे मी म्हणत नाही. दट्ट्याच्या आतल्या वाटा एकमेकींच्या अंगावरून जातात, त्यामुळे आत थोडे उंचवटे येतात. फिरकीत वळणे वेगळ्या आकाराची असतात. पण ध्वनीच्या लहरीशी त्यांची तुलना करा. वाद्यातल्या कोमट हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. सेकंदाला ४६० कंपनांचा स्वर घेतला तर त्याची लहर ७५ सेंटिमीटर लांब भरते. झडपेतले उंचवटे एखाद्या सेंटिमीटरचेही नसतात. ओढ्यातला खडा ओढ्याच्या लाटेला जेवढा अडवील, तेवढाच त्यांचा अडथळा. परिणाम असेल, पण बारीक असेल. एखादा स्वर किंचित सरकेल, वाजवणाऱ्याच्या ओठांना वाद्य थोडे वेगळे भासेल. झडप दाबण्याची पद्धत वेगळी म्हणून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याची ढबही थोडी बदलेल. पण आवाजाचा सगळा स्वभाव झडपेवर टाकणे हे कर्ण्यावर आणि वाजवणाऱ्यावर अन्याय करणारे आहे. ज्याला हा वाद खरोखर मिटवायचा आहे त्याने तोच कर्णा, तीच पुढची नळी, तेच माउथपीस ठेवून फक्त झडपा बदलाव्यात, वादकाला पडद्याआड बसवावे आणि मग ऐकणाऱ्यांना विचारावे. तोपर्यंत माझे मत असे की हा वाद निम्मा सवयीचा आणि निम्मा अभिमानाचा आहे.

सवयीची ताकद पाहायला दूर जायला नको. आपल्याकडे दट्ट्याचीच वाद्ये का दिसतात? कोणी दोन्ही तपासून दट्ट्या निवडला म्हणून नव्हे. ब्रिटनच्या लष्करी बँडांत दट्ट्या रूढ होता. फौजांबरोबर तो हिंदुस्थानात आला. पुढे मेरठला बँडची वाद्ये बनू लागली तीही त्याच घडणीची. फौजेतून तो पोलिसांच्या बँडात गेला, लग्नाच्या बँडात गेला, गोव्याच्या वादकांच्या हातून मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेला. वस्तू रूढ झाली म्हणून ती श्रेष्ठ ठरत नाही, हे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने कधी विसरू नये.

असे असूनही, एखाद्या शाळेने मला विचारले की बँडसाठी कोणते वाद्य घ्यावे, तर मी बेलाशक दट्ट्याचे सांगेन. कारण आवाजाचे नाही, देखभालीचे आहे. नववीतली मुलगी स्वतः दट्ट्या काढून, पुसून, तेल घालून परत बसवू शकते. फिरकी बिघडली तर तिला जाणणारा कारागीर तालुक्याला सोडा, जिल्ह्यालाही मिळणे कठीण. जे यंत्र वापरणाऱ्याला स्वतःच्या हाताने उघडता येते ते त्याला काहीतरी शिकवते. मात्र दट्ट्यावर खोबरेल तेल घालू नका. ते चोवीस अंशांच्या खाली गोठू लागते. थंडीत सकाळच्या प्रार्थनेला दट्ट्या जागच्या जागी रुतून बसेल.

हे सांगताना मला एक कबुली द्यायची आहे. मी अनेक वर्षे अकरावी-बारावीला वायुस्तंभांची कंपने शिकवली. एका टोकाला बंद असलेल्या नळीतून १, ३, ५, ७ असे विषम संनादीच निघतात, हे फळ्यावर काढून दाखवले. एके वर्षी मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा तास संपल्यावर माझ्याकडे आला. त्याच्या घरचा बँड होता; लग्नसराईत त्याची हजेरी नेहमी कमी भरे, आणि त्याबद्दल मी त्याला बोललोही होतो. तो म्हणाला, “सर, आमच्या ट्रंपेटला एका बाजूला ओठ लावलेले असतात, म्हणजे ती बाजू बंदच झाली. मग त्यातून दुसरा आणि चौथा स्वर कसा निघतो? मी तर रोज काढतो.”

माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. ते मला शोधावे लागले. उत्तर असे की सरळ नळीचे विषम संनादी पुढचा उमलता कर्णा वर ढकलतो आणि माउथपीस त्यांतल्या वरच्यांना खाली ओढते. या दोघांच्या ओढाताणीत पहिला सोडून बाकीचे अनुस्पंदनस्वर २, ३, ४, ५ अशा प्रमाणात येऊन बसतात. म्हणजे वाद्याचा सारा सुरेलपणा कर्णा आणि माउथपीस यांच्या आकारात आहे, आणि तो आकार कारागिरांनी समीकरणे मांडून नव्हे तर कानाने शोधला. तिसऱ्या नळीची कडी केव्हा आणि किती सरकवायची हेही त्या मुलाला ठाऊक होते. त्या अडचणीमागचे बेरीज-गुणाकाराचे कारण मी त्याला सांगितले, आणि ती बोटाखाली कशी लागते ते त्याने मला दाखवले. परीक्षेत मात्र त्याच्या या ज्ञानाला एकही गुण नव्हता.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. अनेक शाळांच्या कपाटात बँडची वाद्ये दट्टे अडकून पडलेली असतात. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधी आठवडाभर त्यांची आठवण होते. एखादे वाद्य पदार्थविज्ञानाच्या तासाला वर्गात आणा. दट्टे मुलांनाच काढू द्या. भोके कोठे जुळतात, स्प्रिंग कोठे बसते ते त्यांना बोटाने चाचपू द्या. आणि गावात बँडवाला असेल तर त्याला सन्मानाने एक दिवस वर्गात बोलवा. ध्वनीच्या प्रकरणातले निम्मे त्याच्या ओठांत आहे.

विद्यार्थी मित्रहो, वाद्य नसेल तरी तुमचे अडत नाही. पाणी घालायची दीड मीटर रबरी नळी घ्या. एका टोकाला छोटे नरसाळे बसवा. दुसऱ्या टोकाशी ओठ घट्ट मिटून फुरफुरवा. थोड्या सरावाने एक ठाम स्वर लागेल. तो पेटीवर शोधा, किंवा मोबाइलवरच्या स्वरमापकाने मोजा. मग मधे नऊ सेंटिमीटरचा तुकडा जोडा आणि तोच अनुस्पंदनस्वर पुन्हा काढा. स्वर एक पट्टी उतरलेला आढळेल. त्याऐवजी साडेअठरा सेंटिमीटर जोडला तर दोन पट्ट्या, आणि साडेअठ्ठावीस सेंटिमीटर जोडला तर तीन. शेवटी हे तिन्ही तुकडे एकदम जोडा. सहा पट्ट्या उतरतात का ते पाहा. उतरणार नाहीत. किती लांबीचा आणखी एक तुकडा लागतो ते आधी कागदावर काढा, मग नळी कापा.

आणि पुढच्या वरातीला ट्रंपेटवाला थोडा दम खायला थांबला, तर त्याला पाणी विचारा आणि त्या कडीबद्दलही विचारा.